इंचभर काँक्रीटचा इतिहास



वसंतातल्या ह्या व्याख्यानांतून राज्यांचे, राजांचे आणि विचारांचे इतिहास आपण पुष्कळ ऐकले आहेत. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती जाडीला इंच-दीड इंचाहून अधिक नाही. घराच्या स्लॅबमध्ये, पुलाच्या खांबात किंवा धरणाच्या भिंतीत जे काँक्रीट असते, त्याचा अगदी बाहेरचा थर हा आमचा विषय. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेले नाही. आमचे शिक्षण बांधकामावर झाले. आणि पुढे कामगारांची संघटना बांधताना साहेब लोकांशी बोलणी करावी लागत, त्यांत अडाणी ठरू नये म्हणून रात्री वाचनालयात बसून जे वाचले, त्यावर झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण करू नये. परंतु ज्या छताखाली आपण निजतो ते किती वर्षे टिकणार हे ज्या थरावर ठरते, त्याच्याविषयी चार गोष्टी ऐकावयास आपली हरकत नसावी.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. म्हातोबा हे तेथील ग्रामदैवत. चैत्रात त्याचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली, आणि पाहता पाहता शेतांच्या बांधांवर मजल्यांवर मजले चढले. पुढे २०१८ च्या डिसेंबरात तेथून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रोमार्गाची पायाभरणी झाली, आणि रस्त्याच्या मधोमध काँक्रीटच्या खांबांची रांग आली. बाहेरचा मनुष्य हिंजवडीत आला की इमारतींच्या काचा पाहतो. आमची नजर मात्र खांबाच्या बुडाशी, छज्जाच्या खालच्या अंगाला, गच्चीच्या कठड्याशी जाते. कोठे ओल फुटली आहे, कोठे तांबूस डाग आला आहे, कोठे सळईच्या रेषेत भेग धावते आहे, हे आम्ही पाहत असतो. हे काँक्रीट अजून पंचवीस-तीस वर्षांच्या आतले आहे. ते साठ वर्षांचे होईल तेव्हा कसे असेल, हा प्रश्न आम्हांस सतावतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडे चुना होता. पुण्याला पाणी देणारे खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, ते दगडाचे आणि चुन्याचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्याने त्याला खिंडार पडले आणि ते पुढे बांधून काढावे लागले, हे पुणेकरांस सांगावयास नको. परंतु त्यापूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे त्या दगड-चुन्याने पाणी अडवून धरले होते. हा चुना घाणीत दळीत. गोल चरात दगडी चाक फिरे, बैल ते ओढीत, आणि चुन्यात वाळूबरोबर सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, मिसळीत. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो. गिलाव्याच्या चुन्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. भिंत आधी झाडून, धुऊन ओली करावयाची. कारण कोरडी भिंत गिलाव्यातले पाणी पिऊन टाकते आणि गिलावा सुटतो. पहिला थर ओला असतानाच त्यावर रेघा ओढून तो खरबरीत करावयाचा, म्हणजे दुसऱ्या थराला धरावयास जागा मिळते. शेवटचा हात घोटून घोटून असा द्यावयाचा की बोट घसरावे. पृष्ठभाग तयार करणे आणि पृष्ठभाग राखणे हे त्या गवंड्यांचे रोजचे शास्त्र होते. चुना सावकाश पक्का होतो. हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून तो पुन्हा दगडाच्या जातीचा बनतो. त्यामुळे घाई करावयाची कोणाची इच्छा असली तरी चुनाच ती करू देत नसे. हा कर्बवायू आपण लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

नंतर सिमेंट आले. ह्या सिमेंटचा जन्मदाता कोणी प्राध्यापक नव्हता, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. इंग्लंडातील लीड्सचा जोसेफ अ‍ॅस्पडिन हा पेशाने गवंडी. त्याने १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’ ह्या नावाने पेटंट घेतले. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याचे पेटंट १८६७ साली घेणारा फ्रान्समधील जोसेफ मोनिये हा माळी होता. झाडे लावण्याच्या कुंड्या फुटतात, म्हणून त्याने सिमेंटच्या कुंडीत लोखंडाची जाळी घातली, आणि त्यातून आजच्या स्लॅब-खांबांचा वंश निघाला. आपल्याकडे सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ साली मद्रासला झाला; तो टिकला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरचा कारखाना चालू झाला आणि हा धंदा येथे रुजला. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी निघाली. त्यानंतर हळूहळू चुन्याच्या घाण्या बंद पडल्या, आणि त्या घाण्यांभोवती वाढलेली समजही माणसांबरोबर गेली.

येथेच एक मोठा गैरसमज बांधकामावर शिरला. सिमेंट तासाभरात धरू लागते, दुसऱ्या दिवशी त्यावर चालता येते. म्हणून लोकांस वाटू लागले की काम झाले. वस्तुतः सिमेंट सुकून घट्ट होत नसते. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि हा संयोग कित्येक दिवस चालतो. तेवढे दिवस त्याला ओल मिळाली पाहिजे. ह्यालाच आपण ‘क्युरिंग’ किंवा साध्या भाषेत पाणी मारणे म्हणतो. आता ह्यातली मेख पाहा. पाणी मारले नाही तर काँक्रीटच्या पोटात असलेली ओल बराच काळ तेथेच राहते, त्यामुळे आतला भाग बहुधा तरतो. वाळतो तो बाहेरचा इंच-दीड इंच. म्हणजे पाणी चोरले की नुकसान होते ते नेमके त्या थराचे, ज्याच्यावर ऊन, पाऊस आणि वारा ह्यांना अडविण्याची जबाबदारी असते. त्या थरात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि बारीक भेगा पडतात. वरून सिमेंटचा हात फिरवला तर त्या दिसतही नाहीत.

पाण्याचे दुसरेही एक अंग आहे. अमेरिकेतील डफ एब्रम्स ह्याने १९१८ साली प्रयोगांनी दाखवून दिले की मालात सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक, तितके काँक्रीट दुबळे. कामावर मात्र माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये बादली उलटी करतात, आणि नंतर स्लॅबला लागणारे पाणी टँकर महाग म्हणून वाचवितात. पाणी जेथे नको तेथे घालावयाचे आणि जेथे हवे तेथे तोडावयाचे, असा हा व्यवहार आहे.

बाहेरचा थर इतका मोलाचा का, हे आता सांगतो. काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला एरवी गंज चढावयास हवा. पण नव्या काँक्रीटमध्ये तो चढत नाही, कारण सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात सळईभोवती एक अदृश्य संरक्षक पापुद्रा तयार होतो. मघाशी सांगितलेला हवेतला कर्बवायू बाहेरून आत शिरू लागला की हा अल्कधर्म नाहीसा होत जातो. जो वायू चुन्याला पक्का करीत होता, तोच लोखंड घातलेल्या काँक्रीटचे कवच उतरवितो. तो सळईपर्यंत पोहोचला आणि त्याच्या जोडीला ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा आत नसते, म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. जुन्या इमारतीच्या छताचे पोपडे पडून तांबड्या सळया उघड्या झालेल्या आपण पाहिल्या असतील. त्याचे कारण हे. कर्बवायू किती आत गेला हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडतात. जेथे अल्कधर्म शिल्लक आहे तेथे गडद गुलाबी रंग येतो, आणि जेथे कवच गेले तेथे रंगच येत नाही. ही परीक्षा आम्ही प्रथम पाहिली तेव्हा, रोग्याची नाडी पाहावी तशी ही इमारतीची नाडी आहे, असे आम्हांस वाटले.

सळईच्या वर काँक्रीटचे किती आवरण हवे, हे आपल्या भारतीय मानकात लिहिलेले आहे. ‘आय. एस. ४५६’ हे मानक प्रथम १९५३ साली निघाले. त्याची सन २००० ची आवृत्ती सौम्य हवेत किमान २० मिलिमीटर, आणि सर्वांत बिकट परिस्थितीत ७५ मिलिमीटर आवरण सांगते. खांबांना साधारणतः ४० मिलिमीटर. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओल राखावी; हवा उष्ण व कोरडी असेल तर, आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला, निदान १० दिवस राखावी, असेही त्यात आहे. कागदावर हे सारे आहे. कामावर मात्र सळयांखाली ठेवलेले ठोकळे माल ओतणाऱ्यांच्या पायांनी सरकतात, जाळी दबून फळ्यांना टेकते, आणि वीस मिलिमीटरचे पाच होतात. फळ्या काढल्यावर कोणी विचारीत नाही, कारण वर गिलावा येणार असतो.

ह्या गिलाव्याचेही असेच. फळ्यांना तेल लावलेले असते, म्हणून काँक्रीटचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट निघतो. त्यावर गिलावा धरावा म्हणून काँक्रीट कोवळे असतानाच टाचे मारावयाचे, तेल धुऊन काढावयाचे, विटा आणि काँक्रीट जेथे मिळतात तेथे जाळी ठोकावयाची. टाचे विरळ मारले की गिलावा पोकळ राहतो. बोटाच्या पेराने ठोकले की बद्द आवाज येतो. पावसाचे पाणी त्या पोकळीत जाऊन बसते आणि आतल्या काँक्रीटला सतत ओल पुरविते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा विषय सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसला तो कोयनेला. कोयनेचे धरण १०३ मीटर उंचीचे, काँक्रीटमध्ये मोठे दगड दाबून बसवून केलेले. असे धरण एका दमात ओतता येत नाही. थरावर थर चढवावे लागतात. प्रत्येक थराच्या वर सिमेंटच्या पाण्याची दुधासारखी साय येते. ती दुबळी असते. ती राहिली तर वरचा थर खालच्याशी एकजीव होत नाही आणि त्या सांध्यातून पाणी झिरपते. म्हणून काँक्रीट पुरते कठीण होण्याच्या आत हवेच्या व पाण्याच्या जोरदार झोताने ती साय उडवून, खडी उघडी करून, मगच वरचा थर टाकावयाचा असतो. हे काम वेळेवर व्हावे लागते. लवकर केले तर खडी उखडते, उशीर झाला तर छिन्नी घ्यावी लागते. ती वेळ ओळखणारा मनुष्य हा कसबी मनुष्य होय, मग हजेरीपटावर त्याच्यापुढे काहीही लिहिलेले असो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण उभे राहिले. पण त्याच्या उंच भागांत, मागील अंगाचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, दोन्ही बाजूंस आडव्या भेगा पडल्या. त्या पृष्ठभागाच्या हयगयीने पडल्या नव्हत्या, धक्क्याच्या ताणाने पडल्या होत्या. परंतु दुरुस्ती मात्र पृष्ठभागापासूनच करावी लागली. भेगांत इपॉक्सी नावाचे राळेसारखे रसायन दाबाने भरण्यात आले, आणि पुढे उंच भागांच्या पाठीस काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले. राळ असो की नवे काँक्रीट असो, ते जुन्याला धरावयाचे तर जुने अंग धुळीपासून, गाळापासून, सुट्या कणांपासून स्वच्छ केलेच पाहिजे. एवढ्या प्रचंड धरणाचा जीव अखेरीस ब्रशाने आणि झोताने साफ केलेल्या पृष्ठभागावर अवलंबून राहतो.

दुसरा धडा समुद्राने दिला. पणजीजवळ मांडवीवर १९७० च्या सुमारास नवा पूल झाला होता. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंजाने खाल्ले होते. मुंबईस ठाण्याच्या खाडीवर १९७० च्या दशकात खुल्या झालेल्या पहिल्या पुलाच्या तारांनाही असाच गंज लागला, आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटच्या छिद्रांतून आत जातात. छिद्रे जितकी अधिक, तितका मार्ग सोपा. माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे धरले तर मांडवीचा तो पूल पोरवयात गेला.

दुरुस्तीचीही विद्या निघाली आहे. सिमेंट-वाळूचा माल हवेच्या दाबाने नळीतून भिंतीवर मारण्याचे यंत्र अमेरिकेत कार्ल एकली ह्याने शोधले आणि १९११ साली त्याचे पेटंट मिळविले. हा गृहस्थ मेलेल्या जनावरांची कातडी भरून संग्रहालयासाठी त्यांच्या आकृती करीत असे. जुनाट इमारतींच्या दुरुस्तीत आज हे तंत्र वापरतात. गंजरोधक लेप आहेत, पाणी उडू न देणारी रसायने आहेत, गच्चीसाठी विटांच्या तुकड्यांचा जुना कोबाही अजून आहे. आम्ही नव्या रसायनांचे वैरी नव्हे. जेथे पाण्याची टंचाई आहे तेथे पृष्ठभागावर योग्य रसायन नीट फवारले तर ते उपकारकच आहे. परंतु धुळीवर फवारलेले रसायन धुळीलाच चिकटते.

आता थोडे घरचे सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर आमचे आईवडील मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडकडे आले. आई बांधकामावर बिगारी होती. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या ताब्यात. शेतात पाणी धरण्यास जसे वाफे करतात तसे ती स्लॅबवर मातीचे वाफे बांधी आणि त्यांत पाणी तुंबवून ठेवी. खांबांना गोणपाट गुंडाळून ते ती दिवसातून पाच-सहा वेळा भिजवी. “बाळा, स्लॅबचं बाळंतिणीसारखं असतं, दहा दिवस जपलं तर जन्माचं निभतं,” असे ती म्हणे. तिने मानक पाहिले नव्हते. तिला अक्षर येत नव्हते. पण उन्हाळ्यातले दहा दिवस तिने बरोबर सांगितले होते. तिला मजुरी मात्र कामावरची सर्वांत कमी. पाणी मारणे हे काम आहे असेच कोणी धरीत नसे.

ते सिमेंटच्या परवान्याचे दिवस होते. १९८२ साली सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः आणि १९८९ साली पूर्णतः उठले. त्याच सुमारास लवकर ताकद धरणारे ‘५३ ग्रेड’चे सिमेंट बाजारात आले, त्याचे मानक १९८७ चे. माल मुबलक झाला, वेग वाढला. फळ्या लवकर निघू लागल्या आणि त्यांबरोबर पाणीही लवकर थांबू लागले. हिंजवडी वाढली ती ह्या वेगाच्या काळात.

२००२ च्या सुमारची एक गोष्ट सांगणे आमच्यावर बंधनकारक आहे. हिंजवडीत एका कामावर एप्रिल महिन्यात स्लॅब टाकला. ठेकेदाराचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण गोष्ट त्याच्या एकट्याची नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर शेजारच्या ओतकामाला वळविला, आणि पाण्यावरच्या दोन बायांना विटा वाहावयास लावले. तिसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो तो स्लॅब पांढराफटक पडला होता आणि आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा त्यावर धावत होत्या. आम्ही तेथल्या तरुण इंजिनियरास विचारले. तो सज्जन होता. तो म्हणाला, “साहेब, क्युरिंग रेटमध्येच धरलेलं असतं.” त्या वेळी आमची थकलेल्या मजुरीची बोलणी ऐन रंगात आली होती. स्लॅबचा प्रश्न काढला तर बोलणी फिसकटतील असे आम्हांस वाटले, आणि आम्ही गप्प बसलो. मजुरी मिळाली. वरून सिमेंटचा हात फिरला, फरशी बसली.

चौदा वर्षांनी त्याच इमारतीत, त्याच मजल्याच्या खालच्या अंगाने, सांडपाण्याच्या नळाजवळ छताचा पोपडा सुटला आणि रात्रपाळीला झाडू मारणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर पडला. हाड मोडले. ती आमच्याच संघटनेची सभासद होती. दुरुस्तीच्या वेळी आम्ही मुद्दाम गेलो. सळया तारेच्या ब्रशाने घासून, सैल काँक्रीट फोडून, लेप देऊन, नवा माल भरण्यास कित्येक आठवडे लागले. दहा दिवसांचे पाणी वाचविले त्याची ही भरपाई. त्या खांद्याचा हिशेब कोणाच्या वहीत गेला असेल, हे आम्ही अजून स्वतःस विचारतो. आमच्या वहीतही तो आहे.

त्या इंजिनियराचे वाक्य आम्ही पुढे नीट तपासून पाहिले. बांधकामाच्या अंदाजपत्रकात काँक्रीटच्या बाबीपुढे बहुधा असे लिहिलेले असते, की ओतणे, ठोकणे, फिनिशिंग करणे ‘आणि क्युरिंगसह संपूर्ण’. रंगाला वेगळा दर असतो, फरशीला असतो, दाराच्या कडीलाही असतो. पाणी मारण्यास वेगळा दर नसतो; म्हणून त्याचे मोजमाप होत नाही, मोजमाप नाही म्हणून त्याचे बिल अडत नाही, आणि बिल अडत नाही म्हणून ते काम गळते. चुन्याच्या काळी घाई करता येत नव्हती, म्हणून काळजी आपोआप घेतली जाई. सिमेंटच्या काळी काळजी ही मोल देऊन विकत घ्यावी लागते, आणि ते मोल आपण ‘सह’ ह्या एका शब्दात बुडवून टाकले. इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि कामातून आम्हांस जे कळले ते एवढेच.

हा शब्द दुसऱ्या एका कातडीलाही भोवतो. ओल्या सिमेंटने हात उलतात, आणि त्यातल्या क्रोमियममुळे कित्येकांस कायमचे खरजेसारखे दुखणे जडते. डेन्मार्कने १९८३ सालीच सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियमवर बंधन घातले. युरोपच्या संघाने २००५ पासून ते दहा लाखांत दोन भाग इतके मर्यादित केले. उपाय साधा आहे. सिमेंटमध्ये लोहाचा एक क्षार मिसळावयाचा, आणि हातांस मोजे द्यावयाचे. टाचे मारताना व घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. आपल्याकडे १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला आणि त्याबरोबर बांधकामखर्चावर उपकराचा. महाराष्ट्रात नियम २००७ साली निघाले आणि कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. कायद्यापासून मंडळापर्यंत पंधरा वर्षे गेली. पुढे तो कायदा २०२० च्या कामगार संहितांत सामावून घेण्यात आला. कायद्याची नावे बदलली, तरी नोंदणीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला ‘नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आण’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आहे. आणि पाणी मारणे हे काम कोणी कामच धरले नाही, तर तो दाखला तिला कोणी द्यावा?

आमचे मागणे थोडे आहे. पाणी मारणे आणि टाचे मारणे ह्या दोन्ही बाबी अंदाजपत्रकात वेगळ्या लिहाव्यात, वेगळ्या मोजाव्यात आणि त्यांची मजुरी कसबी कामाची धरावी. काँक्रीट कधी ओतले ती तारीख प्रत्येक खांबावर व स्लॅबवर रंगाने लिहावी. चांगल्या कामांवर ही रीत आहेच. तिच्याखाली पाणी कोणी राखले त्याचेही नाव हजेरीत असावे. आणि आपल्यापैकी जे घर घेणार असतील त्यांनी नमुन्याच्या सदनिकेतली फरशी पाहून परत फिरू नये. वर, जेथे काम चालू आहे तेथे जावे, खांबावरची तारीख वाचावी, गोणपाटास हात लावून पाहावा. ते ओले असेल तर ते भिजविणाऱ्या बाईला चार शब्द बरे बोलावेत. ते कोरडे असेल तर तेथेच विचारावे. आम्ही एकदा विचारावयाचे राहिलो, म्हणून हे सांगतो.

आमच्या आईने ज्या स्लॅबांना पाणी घातले त्यांपैकी दोन इमारती चिंचवडात अजून उभ्या आहेत. मध्यंतरी आम्ही त्यांपैकी एकीच्या जिन्याखाली जाऊन छत ठोकून पाहिले. आवाज खणखणीत आला.